कवडी ते कीबोर्ड : एका विचित्र खेळाचं कूळ

आमच्या वेस्ट विंडसरला जगात जी थोडीफार प्रसिद्धी आहे ती इथल्या शाळांमुळे नाही, आणि प्रिन्स्टन जंक्शनच्या पार्किंग परमिटसाठी लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलेल्या वाटेमुळेही नाही. ती आहे मंगळावरून आलेल्या पाहुण्यांमुळे! ३० ऑक्टोबर १९३८, रविवार, रात्रीचे आठ. सीबीएस रेडिओवर ऑर्सन वेल्स आणि त्याच्या मंडळींनी 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' सादर केलं. मूळ इंग्रजी कादंबरीतले मंगळवासी इंग्लंडमध्ये उतरतात. रेडिओसाठी संहिता लिहिणाऱ्या हॉवर्ड कॉखला ते न्यू जर्सीत उतरवायचे होते. त्यानं पेट्रोल पंपावर मिळणारा नकाशा पसरला, डोळे मिटून पेन्सिल टेकवली आणि ती पडली ग्रोव्हर्स मिलवर, म्हणजे आमच्याच टाउनशिपमधल्या एका वस्तीवर. हा किस्सा कॉखनंच पुढे सांगितलेला आहे.

नाटक बातमीपत्रासारखं रचलेलं होतं. उशिरा रेडिओ लावणाऱ्या अनेकांना ती खरीच बातमी वाटली. इथल्या एका पाण्याच्या टाकीला मंगळवासीयांचं यंत्र समजून कुणी तिच्यावर गोळ्या झाडल्या, अशी दंतकथा आजही सांगतात. देशभर हाहाकार माजला असं दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी छापलं. पुढच्या अभ्यासकांनी मात्र तो हाहाकार बराचसा वर्तमानपत्रांनीच फुगवलेला होता असं दाखवून दिलं. १९८८ मध्ये, पन्नास वर्षं झाली म्हणून, इथल्या व्हॅन नेस्ट पार्कमध्ये या प्रसंगाचं ब्राँझचं स्मारक उभारलं गेलं. जी घटना घडलीच नाही तिचं स्मारक असलेलं गाव! पाहुण्यांना मी आवर्जून दाखवायला नेतो.

हे सांगायचं कारण, त्या रात्री वेल्सनं प्रिन्स्टनच्या एका प्रोफेसरचं सोंग घेतलं होतं. 'सोंग' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. 'रोल' किंवा 'भूमिका' या शब्दांत तो अर्थ उतरत नाही. कॉलेजात असताना मित्रांबरोबर मोखाड्याकडे बोहाडा पाहायला गेलो होतो. टेंभ्यांच्या उजेडात, वाद्यांच्या तालावर, लाकडी मुखवटा घातलेला माणूस डोलत पुढे येतो तेव्हा तो गावातला अमका-तमका राहत नाही. समोरचे लोक त्याला हात जोडतात, आणि मुखवटा उतरला की त्याच्याच खांद्यावर हात टाकून चहाला जातात. सोंग खरंही असतं आणि खोटंही, आणि पाहणाऱ्याला दोन्ही ठाऊक असतं.

आता आमच्या बेसमेंटमध्ये येऊ. इथे गेली काही वर्षं एका मातीच्या माणसाचा मुक्काम आहे. त्याचं डोकं चंद्रकोरीच्या आकाराचं आहे, नाव वेन, आणि तो 'हायलिक्स' नावाच्या व्हिडिओ गेमचा नायक आहे. मेसन लिंड्रॉथ नावाच्या एका कलावंतानं जवळजवळ एकहाती बनवलेला हा गेम २०१५ साली आला. त्यातली पात्रं खरोखरच मातीची. बोटांनी घडवायची, फोटो काढायचे आणि पडद्यावर हलवायची. पात्रं जे बोलतात त्यातलं निम्मं निरर्थक असतं, दारूच्या नशेतल्या संस्कृत पंडितानं बोलावं तसं. या गेममध्ये मंत्रांऐवजी हातवारे आहेत, आणि ते शिकायचे कुणाकडून, तर वाटेत भेटणाऱ्या टीव्ही संचांकडून. (यावर आमच्या घरातली पहिली प्रतिक्रिया, "म्हणजे नेहमीचंच!" ही माझ्या बायकोची.)

चिरंजीव पंधरा वर्षांचे. मी कन्सल्टंट, म्हणजे सोमवारी पहाटे नेवार्कहून उडायचं आणि गुरुवारी रात्री परतायचं, अशी अनेक वर्षं काढलेला बाप. आठवड्याचे तीनच दिवस घरी असलेल्या बापाशी पंधरा वर्षांचा मुलगा काय बोलणार? शाळा 'फाइन', जेवण 'फाइन', सगळंच 'फाइन'. मग मी त्याच्या शेजारी जाऊन बसायला लागलो आणि तो खेळतो ते पाहायला लागलो. वेन मेला. मला वाटलं, खेळ संपला. तर नाही! वेन मेल्यावर एका परलोकात जातो. तिथे एक मांस दळायचं यंत्र आहे. शत्रूंकडून मिळालेलं मांस त्यात दळलं की अंगातली ताकद वाढते, आणि मग पुन्हा खाली येऊन पुढचा प्रवास. म्हणजे या खेळात वाढायचं असेल तर मरावं लागतं, आणि तेही वरचेवर.

मी म्हटलं, "अरे, हा तर मोक्षपट आहे."

"व्हॉट पट?"

या लेखाचा उगम हा एवढाच.

'हायलिक्स' हे नावही उगाच ठेवलेलं नाही. 'ह्युले' म्हणजे ग्रीकमध्ये द्रव्य, जडवस्तू. ख्रिस्तोत्तर पहिल्या काही शतकांत नॉस्टिक नावाचे पंथ होते. त्यांतल्या काहींनी माणसांचे तीन प्रकार मानले, आणि जडातच अडकलेली सगळ्यांत खालची पायरी म्हणजे हायलिक. दासबोधाच्या पाचव्या दशकात समर्थांनी बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध यांची लक्षणं सांगितली आहेत. हायलिक म्हणजे आपल्या भाषेत बद्ध. मातीची माणसं आणि नाव 'बद्ध'. लिंड्रॉथनं दासबोध वाचला असेल असं मी मुळीच म्हणत नाही. पण मराठी घरात वाढलेल्याला याची फोड वेगळी करून सांगावी लागत नाही, हे मात्र खरं.

मोक्षपटाबद्दल दर आषाढीला एक निरोप आपल्या सर्वांच्या फोनवर येतो : सापशिडीचा शोध तेराव्या शतकात संत ज्ञानेश्वरांनी लावला, इंग्रजांनी तो चोरला, वगैरे. त्यात परंपरा किती आणि पुरावा किती हे वेगळं करून पाहिलं पाहिजे. मोक्षपट हा खेळ महाराष्ट्रात होता, यात शंका नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे ग्रंथपाल राहिलेले वा. ल. मंजूळ यांनी त्याचा चिकाटीनं माग काढला आणि थोर संशोधक रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात त्यांना जुने पट मिळाले. पहिलं घर जन्माचं, शेवटचं मोक्षाचं. साप म्हणजे काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. शिड्या म्हणजे सत्संग, दया, सद्बुद्धी. फाशाऐवजी कवड्या. हा खेळ ज्ञानेश्वरांनी रचला ही वारकरी परंपरेतली श्रद्धा आहे. परंतु ज्ञानेश्वरांच्या काळातला, म्हणजे १२७५ ते १२९६ मधला, एकही पट आजवर हाती आलेला नाही. जे पट आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत ते बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत.

आणि ते नुसते मराठी नाहीत. गुजरात-राजस्थानात जैनांचा 'ज्ञानचौपड' चौऱ्याऐंशी घरांचा होता, वैष्णवांचा बहुधा बहात्तर घरांचा. सूफींचाही एक पट होता. तमिळ घरांत 'परमपद' वैकुंठ एकादशीच्या रात्री जागरणासाठी खेळतात. आमच्या शेजारच्या तमिळ आजींनी तो पट माझ्यासमोर पसरला तेव्हा मोठ्या सापाकडे बोट दाखवून त्या ज्या हसल्या, ते हसू मी माझ्या आजीच्या चेहऱ्यावर पाहिलेलं होतं. तिबेटमध्येही असा पुनर्जन्माचा खेळ आहे, आणि परंपरा सांगते की तो साक्य पंडित या महापुरुषानं रचला. तोही तेराव्या शतकातलाच! लोकांना आवडता खेळ आवडत्या संताच्या पदरात घालावासा वाटतो. यात मला काही गैर दिसत नाही. फक्त त्याला इतिहास म्हणू नये. ऑक्स्फर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयातले अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी या पटांवर १९८०च्या दशकापासून लिहिलं, आणि कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसन यांनी २०१९ साली पश्चिम भारतातल्या या खेळावर डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. डेन्मार्कमधला माणूस आपल्या मोक्षपटावर पीएचडी करतो आणि आपण निरोप पुढे ढकलतो. असो.

बहात्तर घरांच्या काही पटांत एक गंमत आहे ती मला फार आवडते. वैकुंठाचं घर शेवटचं नाहीच! ते अडुसष्टावं. तिथे नेमकं पडलात तर सुटलात. दान जास्त पडलं तर वैकुंठाच्या शेजारून पुढे निघून जाता आणि सर्वांत शेवटच्या घरात तमोगुणाचा साप तोंड वासून बसलेला असतो. म्हणजे जास्त पुढे जाणंही धोक्याचं. कॉर्पोरेट नोकरीत असलेल्या कुणालाही हे घर कुठलं ते सांगायला नको.

आता हा पट साता समुद्रापार कसा गेला ते पाहू. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. एल्फिन्स्टनच्या हाताखाली पुण्याचा कलेक्टर म्हणून आला हेन्री डंडास रॉबर्टसन नावाचा लष्करी अधिकारी. याच रॉबर्टसननं १८३१ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला एक मोठा पट भेट दिला. त्याचं इंग्रजी नाव मराठीत सांगायचं तर 'शास्त्रीबुवांचा स्वर्ग-नरकाचा खेळ'. कुणी पागोटंधारी शास्त्री कलेक्टरसाहेबासमोर पट उलगडून बसलाय, साहेब 'हा कोणता सर्प?' म्हणून विचारतोय आणि शास्त्रीबुवा मत्सराचं इंग्रजी शोधतायत, हे चित्र मी मनात अनेकदा रंगवलं आहे.

व्हिक्टोरियन इंग्लंडात १८९०च्या दशकात 'स्नेक्स अँड लॅडर्स' दुकानांत आला तेव्हा त्यात सुरुवातीला ख्रिस्ती नीतीची घरं होती. काटकसरीची शिडी, आळसाचा साप, अशी. पण एक महत्त्वाचा बदल झाला. आपल्या पटांवर साप जास्त आणि शिड्या कमी असायच्या, कारण चांगलं होणं अवघड आहे हेच तर सांगायचं होतं. इंग्रजांनी हळूहळू दोन्हींची संख्या सारखी केली. मग नीतीची नावंही गेली आणि उरले नुसते आकडे. अमेरिकेत १९४३ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीनं तोच खेळ 'शूट्स अँड लॅडर्स' म्हणून आणला. सापाच्या जागी आली बागेतली घसरगुंडी! लोभ गेला, मत्सर गेला, आणि बिस्किटांच्या डब्याला हात घालणारा मुलगा घसरून खाली आला. मोक्षाचं घर केव्हाच पुसलं गेलं होतं.

याच मिल्टन ब्रॅडलीची आणखी एक कथा इथल्या वाचकांसाठी मोलाची आहे. १८६० मध्ये त्यानं मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला आयुष्याचा एक चौकटींचा खेळ छापला. फासे जुगाराचे म्हणून त्यानं फासा टाळला आणि भोवऱ्यासारखी फिरकी दिली. पटावर प्रामाणिकपणा, दारिद्र्य, तुरुंग, सर्वनाश अशी घरं, आणि सगळ्यांत मोलाचं घर 'सुखी म्हातारपण'. १९६० मध्ये, शंभर वर्षं झाली म्हणून, कंपनीनं तो नव्यानं काढला. तो आज घरोघरी असलेला 'गेम ऑफ लाइफ'. त्यात शेवटचं घर काय? 'मिलियनेअर एकर्स', लक्षाधीशांची वस्ती. मोक्ष, मग सुखी म्हातारपण, मग लक्षाधीशांची वस्ती. पुण्याहून निघालेले आपण रूट वनच्या आसपास कुठल्या पटावर खेळतो आहोत, हे ज्यानं त्यानं ठरवावं. एच-वन, ग्रीन कार्ड, घर, मोठं घर... या पटावरही साप कमी नाहीत.

इथून पुढची कथा माझ्या धंद्याची, म्हणजे संगणकाची. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-पेन्सिल-फाशांचा खेळ आला. खेळणाऱ्यानं एक सोंग घ्यायचं, लढवय्या, जादूगार, चोर, आणि टेबलाभोवती बसून मित्रांबरोबर गोष्ट पुढे न्यायची. वर्षभरातच तो संगणकावर पोचला. मी जिथे एम.एस. केलं त्या अर्बानाच्या इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाची शिक्षणासाठीची संगणकप्रणाली होती, नारिंगी उजेडाच्या प्लाझ्मा पडद्यांची. त्यावर १९७५ मध्ये विद्यार्थ्यांनी गुपचूप असे खेळ लिहिले. त्यातल्या एकाचं नाव 'पेडिट५'. अगदी कारकुनी, संशय न येणारं नाव. कारण ती फाइल अभ्यासासाठी राखून ठेवलेली होती. व्यवस्थापक खेळ पुसत आणि तो पुन्हा प्रकटत असे. हा अवतारही मोक्षपटावरच्या जन्मासारखाच म्हणायचा. ऑफिसात लपूनछपून काही चालवलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमरला या विद्यार्थ्यांबद्दल प्रेम वाटेल.

त्या सुरुवातीच्या खेळांत एकच काम होतं : मारा, लुटा, मोठे व्हा. त्याला वेगळं वळण लागलं १९८५ मध्ये. टेक्सासमध्ये वाढलेल्या रिचर्ड गॅरियट या तरुणाचे 'अल्टिमा' मालिकेतले तीन खेळ तोवर गाजले होते. चौथ्याचं नाव होतं 'क्वेस्ट ऑफ द अवतार'. हो, आपलाच अवतार! हिंदू धर्मावरचा एक टीव्ही कार्यक्रम पाहून ही कल्पना सुचल्याचं गॅरियटनं सांगितलेलं आहे. या खेळात मारायला कुणी राक्षसराज नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे आणि 'अवतार' व्हायचं, हेच ध्येय. सुरुवातीला एक भविष्यवालीण तुम्हाला धर्मसंकटाचे प्रश्न विचारते आणि तुमच्या उत्तरांवरून तुमचं सोंग ठरतं. पुढे वनौषधी विकणारी एक आंधळी बाई भेटते. पैसे किती द्यायचे ते तुम्हीच टाकायचे. कमी टाकले तर ती काहीच म्हणत नाही. पण संगणक लक्षात ठेवतो, आणि तुमचा प्रामाणिकपणा घटतो.

चित्रगुप्त! दुसरं काय?

हे मी मुलाला मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण बाबा, तुमच्या मोक्षपटात चॉइस कुठे आहे? कवडी सांगेल तिकडे जायचं. मग मी चांगला आहे की वाईट, त्याचा काय संबंध?"

पोराचा प्रश्न बिनतोड होता. अल्टिमात बाईला फसवायचं की नाही हे खेळणारा ठरवतो. मोक्षपटावर तुम्ही लोभाच्या सापावर पडता, लोभ केलेला नसतानाही. एक उत्तर, प्रारब्ध. ते मी त्याला दिलं आणि ते त्याला पटलं नाही. मग आजी सापशिडी कशी खेळायची ते आठवलं. ती सोंगटी सापाच्या तोंडात ठेवायची आणि लगेच खाली न आणता थांबायची. "का रे गिळला तुला यानं? सांग." मग काल भावाच्या वाटणीची बर्फी कुणी खाल्ली ते बाहेर यायचं, आणि मगच सोंगटी खाली. मोक्षपटावर हालचाल कवडी ठरवते, पण तिथे थांबून बोलायचं काय हे माणसं ठरवतात. तो एकट्यानं खेळायचा खेळच नव्हता. जागरणाला, पर्युषणात, घरातल्या वडीलधाऱ्यांसमवेत तो खेळला जायचा यातच त्याची रचना आहे. हे ऐकून तो "हं" म्हणाला. 'फाइन' म्हणाला नाही, याची मी नोंद घेतली.

विचित्रपणाचा, स्वप्नासारख्या खेळांचा खरा उगम मात्र जपानमधला. शिगेसातो इतोई हा तिथला प्रसिद्ध जाहिरात-लेखक. त्याचा 'मदर २' हा खेळ १९९४ मध्ये जपानमध्ये आणि १९९५ मध्ये 'अर्थबाउंड' या नावानं अमेरिकेत आला. तलवार नाही, ड्रॅगन नाही; बेसबॉलची बॅट घेतलेला एक शाळकरी मुलगा, आणि त्याचे शत्रू म्हणजे बिथरलेल्या टॅक्सी आणि रस्त्यावरच्या पाट्या! अमेरिकेत तो तेव्हा फारसा चालला नाही. पण ज्यांनी लहानपणी खेळला त्यांच्या मनात तो घर करून बसला.

मुलानं तो मला दाखवला तेव्हा दोन गोष्टींनी मी गप्प झालो. या खेळात मुलाचा बाप कधीच दिसत नाही. तो फक्त फोनवर असतो. खेळ कुठवर आला ते सेव्ह करायचं तर बापाला फोन लावायचा. तो खात्यात किती पैसे भरले ते सांगतो आणि फार वेळ खेळलास, आता जरा विश्रांती घे म्हणतो. दुसरी गोष्ट : या खेळात विष चढतं, सर्दी होते, तसाच 'होमसिक' नावाचा एक आजार होतो. घरची आठवण आली की मुलगा लढता लढता मध्येच हरवतो, त्याचा वार चुकतो. त्यावर औषध एकच, आईला फोन करायचा.

अर्बानाला २००३ च्या पहिल्या हिवाळ्यात फोन कार्डाचा लांबलचक नंबर दाबून पुण्याला आईशी बोलायचो, आणि कार्डातली बाई मध्येच "यू हॅव वन मिनिट रिमेनिंग" म्हणायची. या आजाराला नाव असू शकतं आणि तो एखाद्या खेळाच्या नियमांत बसू शकतो, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आणि फोनवरच्या त्या बापाबद्दल? मुलगा काहीच बोलला नाही, मीही नाही. पण त्या शुक्रवारी त्याला म्हटलं, खेळ सेव्ह करायला मला हाक मार, मी वरच आहे. त्या महिन्याअखेर मी प्रवास नसलेलं काम मागून घेतलं. पैसे थोडे कमी आहेत. शिडी की साप ते अजून ठरायचंय.

'अर्थबाउंड'वर वाढलेल्या मुलांनी पुढे स्वतःचे खेळ लिहिले. जपानमध्ये 'आरपीजी मेकर' या तयार साधनामुळे प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही खेळ रचता येऊ लागला. त्यातूनच २००४ मध्ये 'युमे निक्की', म्हणजे 'स्वप्नांची रोजनिशी', हा अद्भुत खेळ निघाला. त्यात एक मुलगी खोलीबाहेर पडत नाही, फक्त झोपते आणि स्वप्नात हिंडते. संवाद जवळजवळ नाहीतच. २०१५ मध्ये टोबी फॉक्सचा 'अंडरटेल' आला. त्यात समोरच्याला न मारता, बोलून, समजूत काढून संपूर्ण खेळ पार करता येतो. आणि मारलंत तर खेळ ते विसरत नाही, अगदी नव्यानं सुरू केलात तरी. हा पूर्वसंचिताचा हिशोब फॉक्सनं कुठून घेतला ते तोच जाणे. 'हायलिक्स' त्याच वर्षीचा. या सगळ्यांचं मोक्षपटाशी रक्ताचं नातं नाही. पण वाटेत दुकानदारांनी पुसून टाकलेली घरं या मंडळींनी आपापल्या हातानं पुन्हा काढली, आणि काढताना ती विचित्र, स्वप्नासारखी झाली. मुळात आपला पट तरी कुठे वास्तववादी होता? घराघरांतून वळसे घेत गेलेले साप, वर वैकुंठ आणि खाली नरक, आणि मध्ये संसार मांडून बसलेले आपण!

आणि पुणे? पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं 'राजी' नावाचा खेळ बनवला. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून वर्गणी मागितली होती. ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी त्यांनी खेळ पुरा केला आणि २०२० मध्ये तो जगभर प्रसिद्ध झाला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली राजी ही त्याची नायिका. मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितल्या आहेत. ते पाहून मला कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत आठवले. कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या, चित्रकथीच्या पोथ्या त्यांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. 'राजी' हा काटेकोर अर्थानं सोंगाचा खेळ नाही, मारामारीच जास्त आहे, आणि मला तो मधूनमधून कंटाळवाणाही वाटला. पण "धिस इज फ्रॉम पुणे? आजीचं पुणे?" असं विचारताना मुलाचा जो चेहरा झाला होता त्यासाठी माझे सगळे गुण माफ.

गेल्या संक्रांतीला आपल्या मंडळाच्या मुलांसाठी आम्ही मोक्षपट मांडला. पेंटरच्या दुकानातलं मोठं कापड, पन्नास घरं, आईनं पाठवलेल्या सहा कवड्या. मुलं स्वतःच सोंगट्या होऊन उभी राहणार. फलक लिहिताना आपल्या एका ज्येष्ठ काकांशी माझा वाद झाला. "अरे, सरळ लिही ना, 'संत ज्ञानेश्वरांनी शोधलेला खेळ'. पोरांना अभिमान नको वाटायला?" मी म्हटलं, "काका, ही पोरं उद्या दोन मिनिटांत शोधून पाहतील, आणि मग आपण सांगितलेलं बाकीचंही खोटं मानतील." काका रागावले. शेवटी फलकावर 'परंपरेनुसार' हा शब्द आला, जरा बारीक अक्षरांत, काकांच्या हातचा.

सापांची नावं मुलांवर सोपवली होती. षड्रिपू समजावून सांगितले आणि म्हटलं, आता तुमचे तुम्ही सांगा. लोभ आणि मत्सर त्यांनी तसेच ठेवले. मोहाच्या सापाला 'फक्त पाच मिनिटं' असं नाव मिळालं. एका नववीतल्या मुलीनं मदाच्या सापावर लिहिलं 'माझा एसएटी स्कोअर', आणि एकानं सर्वांत लांब सापावर लिहिलं 'शेजारच्यांचा मुलगा बघ'. आईबाप हसले, पण जरा उशिरा. साप आणि शिड्या सारख्या करूया का, असं कुणीतरी सुचवलं. मुलांनीच नको म्हटलं. आमचे चिरंजीव त्यात पुढे होते. नियमही त्यांनीच वाढवला : सापावर आलेल्यानं खाली जाण्याआधी थांबायचं आणि का गिळला ते सांगायचं. ही माझ्या आजीची रीत मी कुणालाच सांगितलेली नव्हती, त्याच्याखेरीज.

हॉल चार वाजता रिकामा करून द्यायचा होता. खुर्च्या उचलायला आम्ही गेलो तेव्हा काका पटावर उभे होते, तिसऱ्यांदा लोभाच्या सापावर आलेले, भोवती दहा-बारा पोरं "का गिळला? का गिळला?" म्हणून ओरडत होती, आणि कवड्या काही ते कुणाला द्यायला तयार नव्हते.